तिजोरीच्या खोलीचं दुसरं दार

"हे भगदाड बुजवायचं आहे," बांगबाई म्हणाल्या आणि त्यांनी खडूने भिंतीवर फुली मारली.

"भगदाड नका म्हणू," मालसून म्हणाली. "दार म्हणा. तुमच्या घराच्या दाराला कुणी भगदाड म्हणतं का?"

"माझ्या घराचं दार नकाशात आहे, आजी."

"आजी कुणाची? मला नातू नाही. ताई म्हणा, नाहीतर नुसतं मालसून म्हणा. आणि तो खडूचा हात कोटाला पुसू नका. काळा कोट आहे, डाग निघता निघायचा नाही."

बांगबाईंनी कोटाकडे जाणारा हात अर्ध्यावर थांबवला. मालसूनने स्वतःचा रुमाल काढून त्यांच्या हातात दिला आणि तेवढ्यात त्यांची मागे वळलेली कॉलरही सरळ केली.

आम्ही तिघं जुन्या बँकेच्या तिजोरीच्या खोलीत उभे होतो. बांगबाई म्हणजे बांग ह्येरिन, राजधानीहून, सोलहून आलेल्या वास्तुविशारद. इमारत वारसा यादीत गेली आणि तिला पूर्वीचं रूप देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. पस्तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. मला त्या आवडल्या होत्या आणि तीच माझी अडचण होती. वाईट माणसाशी मला भांडता येत नाही. चांगल्या माणसाशी तर त्याहून नाही.

आमच्यावर राज्य होतं तेव्हा ही बँक जपान्यांनी बांधली ती तांदळासाठी. आमच्या बंदरामागच्या सपाट मुलखातला सगळा तांदूळ इथे यायचा, बोटीत चढायचा आणि ओसाकाला जायचा. त्याचा पैसा या इमारतीतून फिरायचा. म्हणून गावात बाकी सगळी चिखलमातीची घरं असताना ही एवढी. ग्रॅनाइटचं जोतं, त्यावर लाल विटा, तांब्याच्या पत्र्याचं उतरतं उंच छप्पर, कमानीच्या खिडक्या. मधलं दालन इतकं उंच की आत शिरताच माणसाचा आवाज आपोआप खाली यावा. बांगबाई एकदा म्हणाल्या होत्या, की आत येणाऱ्याला आपण लहान आहोत असं वाटावं, याच हिशेबाने असल्या इमारती बांधत. त्यावर मालसून म्हणाली होती, "मला बाई कधी वाटलं नाही."

स्वातंत्र्य मिळालं, जपानी गेले. बँक आपल्या लोकांनी काही वर्षं चालवली, मग तिथे खताचं गोदाम झालं. पुढे चांगशेठ नावाच्या माणसाने ती घेतली आणि मंगल कार्यालय काढलं. कारकुनांच्या लांबलचक काउंटरच्या जागी व्यासपीठ आलं, भिंती गुलाबी झाल्या, छताखाली आणखी एक खोटं छत आलं आणि त्याला सोलहून आणलेली काचेची झुंबरं लटकली. दालनाला लागून मागच्या बाजूला तिजोरीची खोली होती. हातभर जाडीच्या भिंती, खिडकी नाही, बोळात उघडणारं एकच लोखंडी दार. चांगशेठने तिथे आरसा लावला, गालिचा टाकला आणि ती नवरीची खोली केली.

मालसून त्या खोलीत नवऱ्या सजवायची. कार्यालय बंद पडेपर्यंत, तीस वर्षं तिने दुसरं काम केलं नाही. टाचण्या ओठांत धरून ती बोलायची आणि तरी शब्द न् शब्द कळायचा. "मान सरळ. डोळे वर. रडायचं असेल तर आत्ताच रड, पावडर लावल्यावर नाही." मी बाहेर दालनात पायपेटी वाजवायचो. आठवडाभर नगर वाचनालयात पुस्तकांना क्रमांक घालायचे आणि शनिवार-रविवार येणाऱ्या-जाणाऱ्या नवऱ्यांसाठी पेटी. गावात मला अजून पेटीमास्तरच म्हणतात. वाचनालयातला मी कुणाच्या लक्षात नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं असंही नाही.

आणि ते भगदाड. तिजोरीच्या खोलीतून थेट दालनात उघडणारी, भिंत फोडून केलेली एक वाट. वरून कशीबशी कमान काढलेली, कडांना गुलाबी गिलावा. नवरी लोखंडी दाराने बोळातून आत जायची आणि या दुसऱ्या दाराने दालनात यायची. गावात अशी समजूत होती, की या दाराने आलेलं लग्न मोडत नाही. समजूत इतकी पक्की, की शेजारच्या जिल्ह्यातली माणसंसुद्धा मुलींना घेऊन आमच्याकडे यायची.

"मी इमारत कुठल्या तरी एका सालात परत नेते," बांगबाई म्हणाल्या. "वारसा समितीने बांधकामाचं साल ठरवलंय. त्या साली ही भिंत अखंड होती."

"त्या साली आमची माणसं या इमारतीत पायरीच्या वर येत नव्हती," मी म्हणालो. म्हणजे म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "हो, ते खरं."

बांगबाईंनी थोडा वेळ त्या वाटेच्या कडेवरून बोट फिरवलं. "शुक्रवारी वॉर्ड कचेरीत लोकांची सभा आहे. मला एक गोष्ट कळली तर बरं होईल. ही भिंत का फुटली? सुतार-गवंडी सोयीसाठी फोडतात तसं हे दिसत नाही. कडा बघा. कुणीतरी घाईने फोडलीये. त्या दिवशी काही घडलं असेल आणि ते कुणी सभेत सांगितलं, तर मी समितीपुढे उभी राहीन. नुसती सोय असेल तर माझ्याकडे बोलायला काही नाही."

मालसूनने माझ्याकडे बघितलं नाही. मी मात्र तिच्याकडे बघितलं.

"रुमाल धुऊन द्या," ती बांगबाईंना म्हणाली. "घाई नाही."

*

दार वाचवायचं म्हणून गावात सगळ्यांत जास्त धडपडत होता तो को दालसू. त्याचं सुक्या मासळीचं दुकान बंदराच्या रस्त्यावर. त्याचं लग्न याच दाराने लागलेलं, म्हणून त्याने दुकानासमोर टेबल टाकून सह्या गोळा करायला सुरुवात केली होती. मी गेलो तेव्हा तो एका गिऱ्हाइकाला मासळी बांधून देता देता सही करायला लावत होता.

"या मास्तर. तुमची सही सगळ्यांत वर पाहिजे. आमच्या लग्नात तुम्ही वाजवलं होतं, आठवतं?"

"आठवतं," मी म्हणालो. मला आठवत नव्हतं. त्या वर्षी दर रविवारी आठ-दहा लग्नं लागत.

"एवढी वर्षं टिकलं बघा आमचं. त्या दारामुळे."

"टिकलं ते माझ्यामुळे," आतून त्याची बायको सुनबोक म्हणाली. ती माशांची डोकी उडवत होती.

"दाराचा काहीच वाटा नाही का?"

"आहे ना. तू दारू ढोसून आलास की मी मनात म्हणायचे, त्या दाराने आलेय, आता मागे जाता येत नाही." ती बाहेर आली, हात पुसले आणि जरा हळू आवाजात मला म्हणाली, "खरंच म्हणायचे हो, मास्तर. थोरला आजारी होता त्या साली तर रोज. मालसूनताईंनी मला उभं केलं होतं तिथे, पाठीवर हात ठेवून. म्हणाल्या, पहिली नवरी या दाराने गेली ती सुखाची झाली, तू पण होशील. माणसाला धरायला काहीतरी लागतं."

"पहिली नवरी कोण होती, माहीत आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"बेटावर दिलेली कुणीतरी. सहा मुलं झाली म्हणतात. सगळी शिकली."

मी सही केली. माझं अक्षर चांगलं आहे. तेवढं एकच माझ्याकडे चांगलं आहे असं मला वाटतं. पण त्या दिवशी ते हललं.

*

पहिली नवरी मालसून होती.

हे आता गावात मला आणि तिलाच माहीत असावं. तेव्हा दालनात माणसं पुष्कळ होती, पण ती दुसऱ्याच लग्नाला परगावाहून आलेली होती, आणि बाकीची म्हातारी माणसं एकेक करून गेली. मी हे नीट सांगू शकेन की नाही, मला शंका आहे. मी त्या वेळी पेटीवर होतो आणि पेटीवरून भिंतीच्या एका बाजूचंच दिसायचं.

मंगल कार्यालय सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. हिवाळा होता. मालसून भाताच्या गिरणीत चाळणीवर कामाला होती, चोवीस-पंचवीस वर्षांची. मुलगा समोरच्या बेटावरचा. वऱ्हाड बोटीने आलं होतं आणि ओहोटीच्या आत त्यांना परत निघायचं होतं, कारण आमच्या किनाऱ्याला पाणी ओसरलं की नुसता चिखल उरतो. बोट जागची हलत नाही. मालसून तिजोरीच्या खोलीत एकटी, तयार होऊन बसली होती. तेवढ्यात आधीच्या लग्नाची नवरी बोळातून निघाली. मुलाची आई दारात उभी होती. तिला वाटलं, दुसऱ्या नवरीची नजर आपल्या नवरीवर पडू नये. तिने दोन्ही हातांनी लोखंडी दार लोटलं.

जपानी गेल्यापासून ते दार कुणी लावलंच नव्हतं. ते इतकं जड होतं की काढून टाकणंही कुणाला परवडलं नव्हतं. भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं. ते बसलं आणि आतले दांडे आपोआप आडवे पडले. कुलुपाचे आकडे ज्याला माहीत होते तो जपानी मॅनेजर ते डोक्यात घेऊन केव्हाच समुद्रापलीकडे गेला होता.

छताजवळ हाताच्या पंजाएवढा झरोका होता. चांगशेठ शिडीवर चढून ओरडला, "पोरी, बरी आहेस ना?"

आतून आवाज आला, "बरी आहे. गार आहे इथे. काय करायचं ते लवकर करा."

लोखंड तोडणं शक्य नव्हतं. धक्क्यावरून दगडफोडे आणले आणि दालनाच्या बाजूने विटांना छिन्नी लावली. पण पुढचं लग्न खोळंबलं होतं, त्याच्या पुढचंही. चांगशेठ म्हणाला, पाहुण्यांना कुठे घालू? तेव्हा एका बाजूला भिंत फोडणं चालू आणि दुसऱ्या बाजूला लग्न चालू. लग्नात उपदेश करायला ह्वांग नावाचे निवृत्त मुख्याध्यापक असत. ते "पती-पत्नींनी" म्हणत, घणाचा घाव पडे, ते थांबत, मग "एकमेकांचा आदर" म्हणत. मी पेटीचे भाते जीव खाऊन दाबत होतो. आपण आवाज मोठा केला तर व्यासपीठावरच्या नवरीला घाव ऐकू येणार नाहीत, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

भिंत जाड होती आणि जपान्यांनी चुना कंजूषपणे वापरला नव्हता. दुपार कलली. बेटाचा नावाडी निरोप देऊन गेला, की पाणी उतरायला लागलं. मुलाची आई मोठ्याने म्हणाली, लग्नाआधीच लोखंडात कोंडली गेलेली मुलगी घरात आणायची नाही, याहून वाईट शकुन कुठला असेल. दार कुणी लावलं हे तिला कुणी विचारलं नाही. मालसूनची आई आणि भाऊ बोळात लोखंडी दाराला टेकून बसले होते, त्यांच्यापर्यंत हे पोचलंही नसेल. मुलगा दालनाच्या दारात बराच वेळ उभा राहिला. त्याने हातातली टोपी गोल गोल फिरवली. मग तो गेला. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याचीही नातवंडं आता मोठी झाली असतील.

शेवटची वीट आत पडली आणि पहिल्यांदा एक हात आला. पांढरा हातमोजा, विटांच्या भुकटीने लाल झालेला. मग मालसून बाहेर आली. डोक्यापासून पायापर्यंत तांबडी. तिने समोर बघितलं. खुर्च्यांवर सगळी अनोळखी माणसं बसली होती. व्यासपीठावर दुसरीच नवरी होती. मग मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्याला काय वाटलं, कुणास ठाऊक. सगळ्यांनीच वाजवल्या.

मालसून वाकली. नवरीने पाहुण्यांपुढे वाकावं तशी, पूर्ण, सावकाश. मग तिच्यापासून सगळ्यांत जवळ मी होतो म्हणून मला तिने विचारलं, "गेले का?"

मी मान हलवली. त्या वेळी म्हणायला योग्य असं वाक्य मी पुढे खूप वर्षं शोधलं.

"बरं," ती म्हणाली. "शेवया उरल्यात का? सकाळपासून काही खाल्लं नाही."

दुसऱ्यांच्या लग्नाच्या शेवयांचा वाडगा तिने खुर्चीवर न बसता, उभ्यानेच रिकामा केला. भाड्याच्या झग्यावर एक थेंब सांडू दिला नाही.

त्यानंतर आठवडाभर कुठलीच नवरी त्या खोलीत बसायला तयार होईना. चांगशेठ डोकं धरून बसला होता. मालसून आली आणि त्याला म्हणाली, "गिरणीत नाही जात मी आता. मला इथे ठेवा. मी बसवते नवऱ्या." भगदाडाला तिनेच गवंड्याकडून कमान काढून घेतली, गिलावा करून घेतला. पहिली जी घाबरलेली मुलगी आली तिला तिने खांद्याला धरून त्या वाटेपुढे उभं केलं. मी पेटीच्या भात्याला तेल घालत होतो. मी ऐकलं. ती म्हणाली, "हे दार भाग्याचं आहे. या दाराने पहिली गेली ती राणीसारखी नांदतेय. चल, उजवा पाय." हे तिने अशा खात्रीने सांगितलं, की सगळं डोळ्यांनी बघितलेल्या माझाही क्षणभर विश्वास बसला.

बेटावरचा तो मुलगा पुढच्या महिन्यात एकटा आला होता. बोळात उभा राहिला. मालसून ओठांतल्या टाचण्यांमधून म्हणाली, "आत नवरी बसलीये. मला वेळ नाही." तो थोडा थांबला आणि भरतीच्या बोटीने परत गेला.

*

शुक्रवारी वॉर्ड कचेरीचा हॉल भरला होता. कागदी पेल्यांतून जवाचा चहा फिरत होता. बांगबाईंनी पडद्यावर इमारतीची जुनी चित्रं दाखवली आणि मग तो एकच प्रश्न विचारला. भिंत का फुटली? कुणासाठी?

"भाग्यासाठी," दालसू म्हणाला. लोक हसले.

"ती पहिली नवरी कोण होती?" बांगबाईंनी विचारलं. "कुणाला नाव माहीत आहे?"

"बेटावरची."

"बेटावरची कसली, बेटावर दिलेली. सहा मुलं तिला."

"सहा नाही, सात. धाकटा अमेरिकेत असतो."

"नवरा तिला कधी एका शब्दाने बोलला नाही, असं माझी आई सांगायची."

मालसून माझ्या शेजारी बसली होती. ताठ, मांडीवर पर्स, चेहरा एखाद्या चांगल्या परिचिताची खबर ऐकावी तसा. बांगबाई एकेकाकडे बघत होत्या. त्यांना खरंच हवं होतं, हे दिसत होतं. एक माणूस उठून सांगता, की त्या दिवशी असं झालं, एक मुलगी आत अडकली आणि गावाने तिच्यासाठी जपान्यांची भिंत फोडली, तर त्या वाटेला कुणी हात लावला नसता. मला ते ठाऊक होतं. वाक्य माझ्याजवळ तयार होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तयार होतं. मी खुर्चीच्या कडेला हात टेकले आणि अर्धा उठलो.

मालसूनने तिची पर्स माझ्या मांडीवर ठेवली. "धरा जरा," ती म्हणाली. पर्स जड होती. मी खाली बसलो आणि ती उठली.

"नवरी-बिवरी कुणी नाही, बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी तिथे होते, मला विचारा. तो बोळ अरुंद होता. झगे लोखंडी दाराला अडकून फाटायचे. चांगशेठला दर आठवड्याला शिवणाऱ्याकडे धावावं लागे. शेवटी वैतागून त्याने गडी बोलावले. अडाणी गडी, त्यांनी घण घातले. म्हणून कडा तशा. भाग्याचं म्हणाल, तर ते पुढे आपोआप आलं. इतक्या नवऱ्या गेल्या, सगळ्या नांदल्या."

सुनबोक दालसूच्या शेजारी बसली होती. दालसूचं तोंड उघडं राहिलं होतं.

बांगबाई मालसूनकडे बघत राहिल्या. मला वाटतं त्यांनी ओळखलं, निदान काहीतरी ओळखलं. "मग मला ते राखता येणार नाही, ताई."

"माहीत आहे. बुजवा. पण वीट जुनीला जुळती घ्या. ठिगळ दिसता कामा नये."

बाहेर आलो. बंदरावरून वारा येत होता. मी तिची पर्स अजून छातीशी धरून चाललो होतो.

"का?" मी विचारलं.

"त्या सुनबोकचा चेहरा बघितलात तुम्ही? पोरगं मरणाच्या दारात होतं तेव्हा ती त्या दाराला धरून राहिली. तिला आता काय सांगू? की बाई, ज्या दाराने तू आलीस त्या दाराने पहिली आली तिची वरात बोटीत बसून निघून गेली होती?" तिने पर्स माझ्या हातातून घेतली. "आणि अशा किती. सगळ्यांची दारं फोडू का मी, एक वाचवायला?"

"तुमचं होतं ते."

"माझंच आहे. म्हणून तर बुजवा म्हणू शकले." ती थोडी पुढे चालली आणि थांबली. "सहा मुलं, मास्तर. ऐकलंत ना? सात म्हणाली ती एक. धाकटा अमेरिकेत. मी काही कमी पडू दिलेलं नाही कुणाला."

ती हसली. मीही हसलो, आणि मग मला पुढचा रस्ता नीट दिसेना म्हणून चष्मा काढून पुसला.

*

वीट लावायच्या दिवशी बांगबाईंनी इमारत सकाळी उघडी ठेवली. तसं त्या कुणाला बोलल्या नव्हत्या, पण गावाला कळलं. खोटं छत आता निघालं होतं आणि छप्पर तोलणाऱ्या वरच्या लाकडी कैच्या उघड्या पडल्या होत्या. गुलाबी रंगाखालून मूळचा दुधी रंग आला होता. दालनात बँकेच्या वेळी असेल तसा थंडावा होता. लोक जोडीने आले. बोळातून लोखंडी दाराने आत जायचे आणि त्या वाटेने बाहेर यायचे. म्हातारे, काठी टेकणारे, एक तर चाकाच्या खुर्चीत. काही बायका एकट्याच आल्या, नवऱ्याचा फोटो घेऊन. मालसून आत उभी होती. प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून ती काहीतरी सांगत होती. दालसू बाहेर आला तेव्हा त्याने उगाच जोरात नाक शिंकरलं आणि सुनबोक म्हणाली, "आता तरी दारू सोड."

"दार गेलं, आता सोडून काय उपयोग?" तो म्हणाला, आणि तिने त्याला कोपराने ढोसलं.

दुपारपर्यंत कुणी उरलं नाही. गवंडी सिमेंट कालवून बसला होता. मी दालनाच्या बाजूने त्या वाटेपाशी गेलो. मालसून आत एकटी होती.

"तुम्ही येताय ना?" मी म्हणालो.

"मी आलेय एकदा," ती म्हणाली. मग गवंड्याला, "लावा. उन्हं आहेत तोवर करा, ओल धरायला नको."

विटा चढत गेल्या. आधी तिचे बूट दिसेनासे झाले, मग कोटाची बटणं. ती आतून बघत होती आणि मधूनच सांगत होती, "डावीकडची बसली नाही. पुन्हा लावा." गवंडी निमूटपणे काढून पुन्हा लावत होता. शेवटी आतून तिचा आवाज तेवढा येत राहिला, आणि शेवटची वीट बसल्यावर तोही आला नाही.

बोळातून वळसा घालून यायला तिला वेळ लागला. गुडघे दुखतात तिचे. बांगबाई, गवंडी आणि मी वाट बघत होतो. ती मोठ्या दारातून दालनात आली, पाहुणे यायचे तिथून. तीस वर्षं ती त्या भिंतीमागे होती. इथे लागलेलं एकही लग्न तिने समोरून बघितलं नव्हतं, फक्त पेटी ऐकली होती.

पाहुण्यांच्या खुर्च्या कामगारांनी एका बाजूला रचल्या होत्या. तिने त्यातली एक ओढून घेतली, भिंतीसमोर, पहिल्या रांगेच्या जागी ठेवली, रुमालाने धूळ झटकली आणि बसली. हात मांडीवर, पाठ ताठ. गवंडी सांध्यांवरून ओला कपडा फिरवत होता.

थोड्या वेळाने बांगबाईंनीही एक खुर्ची काढली आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवली.